पोटमाळ्यावरची सात वर्षं

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. केजीपासून दहावीपर्यंत माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठी आठवड्यातून चार तास, तेही थर्ड लँग्वेज! मागच्या वर्षी याच पानांसाठी एक छोटा लेख दिला होता, तर छापून आल्यावर निदान तिघांनी मला विचारलं, की आईने लिहून दिला का गं? त्यावर मी हसले, पण खरं सांगू, राग आला होता. आईने फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले होते. म्हणून यंदा अशा एका बाईविषयी लिहायचं ठरवलं, जिला हा प्रश्न जिवंतपणी तर विचारला गेलाच, पण मेल्यानंतरही नव्वद वर्षं विचारला जात होता.

तिचं नाव हॅरिएट जेकब्ज. हॅरिएट म्हटलं की आपल्याला 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणारी हॅरिएट बीचर स्टोव आठवते, शाळेत तिचा धडा किंवा निदान नाव तरी असतं. ही ती नव्हे. (तीही या गोष्टीत येणार आहे, आणि फार चांगल्या भूमिकेत नाही.) ही हॅरिएट स्वतः गुलाम होती. तिचं पुस्तक मला सुट्टीत मावशीच्या कपाटात सापडलं, 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल'. कादंबरी समजून वाचायला घेतलं आणि रात्री अडीच वाजता लक्षात आलं, की यातलं सगळं घडलेलं आहे.

हॅरिएटचा जन्म १८१३ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ईडन्टन या बंदराच्या गावी झाला. वडील कुशल सुतार, पण गुलाम. आईही गुलाम. तिथला कायदा असा होता की मूल आईचं. म्हणजे आई ज्याच्या मालकीची, मूलही त्याचंच, मग बाप कोणी का असेना. हा एक नियम लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

सहा वर्षांची होईपर्यंत आपण गुलाम आहोत हे हॅरिएटला माहीतच नव्हतं. आई गेली आणि मग कळलं. पहिली मालकीण मार्गारेट हॉर्निब्लो हिने तिला शिवणकाम शिकवलं आणि लिहा-वाचायलाही शिकवलं. गुलामांमध्ये हे फार थोड्यांच्या नशिबी येत असे. १८२५ मध्ये मार्गारेट वारली. हॅरिएटला वाटत होतं की आपल्याला मुक्त करून जाईल. मृत्युपत्र उघडलं, तर टेबल-खुर्च्या वाटून द्याव्यात तशी हॅरिएट मार्गारेटच्या तीन वर्षांच्या भाचीला दिलेली होती! तीन वर्षांची मालकीण म्हणजे खरा मालक तिचा बाप, डॉक्टर जेम्स नॉरकॉम. पुढच्याच वर्षी वडील गेले, तेव्हा हॅरिएटला प्रेताजवळ जाऊ दिलं नाही. मालकिणीकडे संध्याकाळी पाहुणे येणार होते, तिला फुलांच्या माळा करायला बसवलं. हे तिने दोन-चार ओळींत लिहिलंय आणि पुढे गेली आहे. मला मात्र तिथे पुस्तक खाली ठेवावं लागलं.

या गोष्टीतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती म्हणजे हॅरिएटची आजी मॉली. दिवसभर मालकिणीचं घर सांभाळून रात्री ती बिस्किटं भाजून विकायची. त्यातून तिने पैपै जमवून ३०० डॉलर साठवले, ते मालकिणीने उसने घेतले आणि कधीच परत केले नाहीत. गुलामाला दिलेलं वचन कायद्यात बसतच नव्हतं, त्यामुळे तक्रार कुठे करणार? १८२८ मध्ये म्हातारीला लिलावात उभं केलं गेलं. गावात तिला सगळे इतके मानत, की बोली लावायला कोणी पुढे येईना. शेवटी मालकिणीच्याच एका वृद्ध बहिणीने ५० डॉलर बोलून तिला घेतलं आणि मुक्त केलं. मग आजीने स्वतःचं घर केलं. ते घर महत्त्वाचं आहे.

हॅरिएट चौदा-पंधरा वर्षांची झाली तसा डॉक्टर नॉरकॉम तिच्या मागे लागला. हा वयाने तिच्या बापापेक्षाही मोठा, गावात प्रतिष्ठित, चर्चला जाणारा गृहस्थ. त्याच्यासाठी ती एक वस्तू होती आणि कायदाही त्याच्याच बाजूने होता. तिचं एका स्वतंत्र कृष्णवर्णीय सुतारावर प्रेम होतं. डॉक्टरने लग्नाला परवानगी दिली नाही. गावाबाहेर तिच्यासाठी वेगळी झोपडी बांधायला काढली, कशासाठी ते सांगायला नको.

आता इथे हॅरिएटने जे केलं, ते आमच्या शाळेतल्या मॉरल सायन्सच्या तासाला सांगितलं असतं तर वर्गात पिनड्रॉप सायलेन्स झाला असता. तिने गावातल्या सॅम्युअल सॉयर नावाच्या गोऱ्या, अविवाहित वकिलाशी संबंध ठेवले. समजून-उमजून. वय अवघं पंधरा-सोळा. डॉक्टरच्या हाती पडण्यापेक्षा आपण निवडलेला माणूस बरा, तो कधीतरी आपल्या मुलांना विकत घेऊन मोकळं करेल, असा तिचा हिशेब होता. जोसेफ आणि लुईझा अशी दोन मुलं झाली. आजीला कळलं तेव्हा तिने नातीला घराबाहेर काढलं. पुढे जवळ घेतलं, पण मी तुला क्षमा केली हे शब्द काही ती बोलली नाही.

पुस्तकात हॅरिएट या जागी वाचकाशी थेट बोलते. ज्या बायकांचं बालपण घराने आणि कायद्याने सांभाळलं, त्यांच्या मापाने गुलाम बाईला मोजू नका, असं तिचं म्हणणं. १८६१ मध्ये हे छापायला काय धैर्य लागलं असेल! मी पहिल्यांदा वाचताना मनातल्या मनात तिला मार्कं द्यायलाच बसले होते, हे इथे कबूल करते.

१८३५ मध्ये डॉक्टरने तिला शेतावर पाठवलं आणि मुलांनाही तिथेच आणून कामाला जुंपायचं ठरवलं. हॅरिएटने विचार केला की आपण नाहीशा झालो तर मुलं त्याला नकोशी होतील, तो ती विकून टाकेल आणि मुलांचा बाप ती विकत घेईल. म्हणून ती पळाली. डॉक्टरने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, पकडून देणाऱ्याला १०० डॉलर. ती जाहिरात आजही उपलब्ध आहे. वय २१, उंची अंदाजे ५ फूट ४ इंच, असं त्यात वर्णन आहे. उंची लक्षात ठेवा.

आधी ती एका गोऱ्या बाईच्या घरात लपली. ती बाई स्वतः गुलाम बाळगणारी, तरीही तिने आसरा दिला. माणसं अशी चमत्कारिक असतात. मग खलाशाचे कपडे घालून, तोंडाला कोळसा फासून हॅरिएट भर गावातून चालत गेली. वाटेत तिच्या मुलांचा बाप अगदी जवळून गेला, त्याने ओळखलं नाही! काही काळ सापांनी भरलेल्या दलदलीत काढला. तोवर इकडे आजीच्या घरात मामा मार्क, तोही सुतार, एक जागा तयार करत होता.

घराला लागून एक लहान कोठार होतं. त्याच्या वर, छपराखाली एक पोटमाळा. लांबी ९ फूट, रुंदी ७ फूट, आणि उंची जिथे सर्वात जास्त तिथे ३ फूट. तिथून छप्पर एकदम उतरत खाली आलेलं. उजेड नाही, हवा नाही. मामाने कोठारातून वर जाणारी एक चोरझडप बसवली. आता इंजिनीअरिंगच्या पोरांना आकडे दिले की ती काय करणार? मी होस्टेलच्या खोलीत खडूने ९ बाय ७ आखलं. आमच्या तीन खाटा शेजारी शेजारी लावल्या तर जवळजवळ तेवढी जागा होते. जमीन तशी बरी आहे म्हणाल. पण उंची! आमचं अभ्यासाचं टेबल अडीच फूट. त्याच्यावर अर्धा फूट, तेही फक्त एका कडेला. उतार एकसारखा धरला तर एकूण जागा ९४.५ घनफूट, म्हणजे साधारण २७०० लिटर. गच्चीवरची पाण्याची मोठी काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. त्यात ५ फूट ४ इंचाची बाई. मी टेबलाखाली जाऊन बसून बघितलं, वीस मिनिटांत मान धरली. रूममेटने माझा फोटो काढला आणि सगळ्या विंगला दाखवला.

हॅरिएट तिथे जवळजवळ सात वर्षं राहिली. १८३५ ते १८४२.

सात वर्षं म्हणजे आपली अकरावी, बारावी, पूर्ण डिग्री आणि वर एक वर्ष. कूस बदलायची सोय नव्हती, कारण छपराचा उतार अंगाला लागायचा. उंदीर अंथरुणावरून पळत. उन्हाळ्यात पातळ छपराच्या लाकडातून टर्पेंटाइनचे थेंब अंगावर पडत. सुईच्या टोकाएवढे लाल किडे चावत. हिवाळ्यात पाय गारठून सुजत. एका हिवाळ्यात तर तोंड आणि जीभ आखडून वाचाच गेली, कशीबशी परत आली. रात्री अधूनमधून खाली कोठारात उतरून ती हातपाय हलवायची, तेवढाच व्यायाम.

आणि मुलं? डॉक्टरने मुलं आणि हॅरिएटचा भाऊ जॉन यांना एका गुलामांच्या व्यापाऱ्याला विकलं. तो व्यापारी सॉयरचाच माणूस निघाला. म्हणजे हॅरिएटचा हिशेब बरोबर आला. मुलं पणजीच्या घरी, त्याच अंगणात खेळू लागली. आई डोक्यावर आणि मुलं खाली, पण त्यांना पत्ता नाही. तिला फक्त आवाज यायचे. एक दिवस तिचं डोकं कशाला तरी आपटलं, ते मामाचं विसरलेलं गिरमिट निघालं. फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये आपण ज्याने हाताला फोड आणून घेतले, तेच ते गिरमिट. रस्त्याच्या बाजूच्या फळीला तिने भोकांच्या तीन ओळी पाडल्या, मग मधलं लाकूड काढून साधारण एक इंच बाय एक इंचाची फट केली. तिला रॉबिन्सन क्रूसोला खजिना मिळाल्यासारखं वाटलं. फटीतून पहिला माणूस कोण दिसावा? डॉक्टर नॉरकॉम! नशीब कधीकधी फार वाईट विनोद करतं. पण नंतर मुलंही दिसली. त्या उजेडात ती शिवायची, वाचायची. नाताळला मुलांसाठी कपडे आणि खेळणी केली.

तिथूनच तिने डॉक्टरला पत्रंही लिहिली. मित्रांमार्फत ती न्यूयॉर्कहून पोस्टात टाकली जात. रस्त्यांची नावं खरी वाटावीत म्हणून तिने न्यूयॉर्कचं एक जुनं वर्तमानपत्र मिळवून त्यातून पत्ता उचलला. डॉक्टर उत्तरेकडे शोध घेत बसला आणि ही त्याच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. मला वाटतं, तिच्या लेखनाची सुरुवात तिथेच झाली, शिकाऱ्याला फसवणारी पत्रं लिहिण्यापासून.

सॉयर मात्र पुढे काँग्रेसवर निवडून गेला आणि मुलांना कागदोपत्री मुक्त करायचं वचन विसरला. १८४० मध्ये लुईझाला उत्तरेकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा आदल्या रात्री हॅरिएट खाली उतरली आणि रात्रभर मुलीला कुशीत घेऊन बसली. सात वर्षांच्या त्या पोरीने हे कोणालाही सांगितलं नाही. जोसेफचं तर त्याहून. आईने जाताना शेवटी त्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की मला बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे. त्याने एकदा छपराखालून खोकला ऐकला होता आणि ओळखला होता. तेव्हापासून कोणी मुलं त्या बाजूला खेळायला लागली की तो त्यांना गोड बोलून दुसरीकडे न्यायचा.

१८४२ मध्ये एका जहाजातून ती फिलाडेल्फियाला पोचली, तिथून न्यूयॉर्क. लेखक नॅथॅनिएल विलिस याच्या घरी मुलं सांभाळायची नोकरी धरली. भाऊ जॉन आधीच मालकाला सोडून पळाला होता आणि गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत फिरत होता. त्याच्यासोबत १८४९ मध्ये हॅरिएट रॉचेस्टरला गेली. तिथे फ्रेडरिक डग्लस यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीवरच्या मजल्यावर चळवळीचं वाचनालय होतं, ते तिने सांभाळलं. एमी पोस्ट ही क्वेकर मैत्रीण तिथलीच, आणि आपली गोष्ट लिही असा आग्रह तिचाच. १८५० मध्ये फरारी गुलामांचा कायदा आला, त्यामुळे उत्तरेतही कोणीही धरून परत नेऊ शकत होतं. नॉरकॉम त्याच साली मेला, तर त्याच्या मुलीचा नवरा हॅरिएटला शोधत न्यूयॉर्कला आला. शेवटी १८५२ मध्ये विलिसची दुसरी बायको कॉर्नेलिया हिने ३०० डॉलर देऊन तिचं स्वातंत्र्य विकत घेतलं. बरोबर तेवढेच, जेवढे आजीचे बुडाले होते. हॅरिएटला हा व्यवहार मुळीच नको होता. जी वस्तू त्यांची कधी नव्हतीच, तिचे पैसे त्यांना कशासाठी? सुटकेचा आनंद झाला, पण पावती फाडावी लागली याची चीड राहिली.

आणि आता लेखन. सुरुवातीला तिला वाटलं की आपल्याला नीट लिहिता येणार नाही, मोठ्या लेखिकेने लिहावं. म्हणून १८५३ मध्ये स्टोवबाईंकडे निरोप गेला. स्टोवबाईंनी काय केलं? हॅरिएटला न विचारता तिची सगळी खासगी हकिकत कॉर्नेलियाला कळवली आणि खरी आहे का म्हणून विचारणा केली! वर, खरी असल्यास आपल्या नव्या पुस्तकात एक पुरावा म्हणून घालीन असं कळवलं. मुलांचा बाप कोण, हे हॅरिएटने कॉर्नेलियाला तोवर सांगितलेलं नव्हतं. तिला किती अपमान वाटला असेल! तिने ठरवलं, आता मीच लिहिणार.

विलिस महाशय गुलामगिरीच्या बाबतीत डळमळीत, म्हणून त्यांना कळू न देता. दिवसभर त्यांची मुलं सांभाळायची, रात्री सगळे झोपले की लिहायचं. १८५८ पर्यंत हे चाललं. मग प्रकाशक. एक म्हणाला स्टोव किंवा विलिस यांची प्रस्तावना आणा. दुसरा म्हणाला लिडिया मारिया चाइल्ड यांची आणा. चाइल्डबाई गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या नामांकित लेखिका. त्यांनी प्रस्तावना दिली, संपादनही केलं, प्रकरणांची मांडणी बदलली, शेवटचं एक प्रकरण गाळायला लावलं, पण लेखन हॅरिएटचंच आहे हे स्वच्छ सांगितलं. तेवढ्यात प्रकाशकाचं दिवाळं निघालं. हॅरिएटने छपाईच्या प्लेटा स्वतः विकत घेतल्या आणि १८६१ च्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये पुस्तक स्वतः काढलं. मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हतं. आत सगळी नावं बदललेली, ती स्वतः लिंडा ब्रेंट, डॉक्टर नॉरकॉमचा डॉक्टर फ्लिंट. काही महिन्यांत यादवी युद्ध सुरू झालं आणि पुस्तक मागे पडलं.

युद्धात ती स्वस्थ बसली नाही. १८६२ पासून वॉशिंग्टन आणि ॲलेक्झांड्रिया इथे निर्वासित गुलामांच्या छावण्यांत कपडे, औषधं, अन्न जमवत राहिली. १८६४ च्या जानेवारीत ॲलेक्झांड्रियात शाळा उघडली. इमारत मुक्त झालेल्या लोकांनी स्वतः बांधलेली. ती चालवायची कोणी, गोऱ्या शिक्षकांनी की आपल्या माणसांनी, यावर वाद झाला आणि लोकांनी आपली माणसं निवडली. मुख्य शिक्षिका लुईझा, तीच ती सात वर्षांची गप्प राहिलेली मुलगी. युद्धानंतर मायलेकी सव्हानाला गेल्या. अनाथ आणि वृद्धांच्या आश्रमासाठी १८६८ मध्ये लंडनहून सुमारे १०० पौंड जमवून आणले, पण कू क्लक्स क्लानची दहशत इतकी वाढली होती, की बांधकाम सुरू करू नका असं तिलाच कळवावं लागलं. हे वाचून फार वाईट वाटलं. पुढे केंब्रिजमध्ये तिने खाणावळवजा बोर्डिंग हाऊस चालवलं, मग वॉशिंग्टनला राहिली.

१८७३ मध्ये आपल्या पुण्यात जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना अर्पण केलं, तेव्हा हॅरिएट हयात होती. ७ मार्च १८९७ रोजी ती वॉशिंग्टनमध्ये वारली. तीनच दिवसांनी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई पुण्यात गेल्या. दोघींना एकमेकींचं नावही माहीत नसणार. तारखा जुळवताना मी दोनदा तपासल्या.

नंतर काय झालं ते ऐका. पुस्तक विसरलं गेलं, आणि ज्यांना आठवत होतं ते ठामपणे सांगू लागले की ही चाइल्डबाईंनी लिहिलेली कादंबरी आहे. गुलाम बाई इतकं चांगलं लिहील? आणि सात वर्षं माळ्यावर? शक्यच नाही! १९७२ मध्ये गुलामगिरीचा एक नावाजलेला इतिहासकार, जॉन ब्लासिंगेम, यानेही हे विश्वासार्ह नाही असंच लिहिलं, आणि तो स्वतः कृष्णवर्णीय होता. शेवटी जीन फॅगन येलिन या प्राध्यापिकेने एमी पोस्टच्या कागदपत्रांतून हॅरिएटची हस्ताक्षरातली पत्रं शोधली, ईडन्टनची दफ्तरं चाळली आणि लिंडा, फ्लिंट, सँड्स या प्रत्येक खोट्या नावामागचा खरा माणूस उभा केला. १९८७ मध्ये हार्वर्डच्या छापखान्यातून पुस्तक पुन्हा निघालं, लेखिकेच्या नावासकट. भावालाही उशिराच न्याय मिळाला. जॉनने १८५५ मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात लिहिलेली आत्मकथा इतकी वर्षं तिथेच पडून होती, ती २०२४ मध्ये पुस्तकरूपाने आली.

जॉन सिडनीत कसा, तर सोन्याच्या शोधात आधी कॅलिफोर्निया आणि मग ऑस्ट्रेलिया. सोबत भाचा जोसेफही होता. मामा परत आला, जोसेफ तिकडेच राहिला आणि १८६० च्या दशकात त्याची पत्रं थांबली. हॅरिएटने शोध घेतला, पण पत्ता लागला नाही. केंब्रिजजवळच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत हॅरिएट, जॉन आणि लुईझा शेजारी शेजारी आहेत. खोकला ऐकून गप्प राहिलेला मुलगा तेवढा तिथे नाही.